रॅमच्या पट्टीपासून प्रोसेसरच्या पिढीपर्यंत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. आता विंडोज ११ घ्यावी, तर कितीतरी चांगले चालणारे संगणक तिच्या अटींत बसतच नाहीत. हे एकाएकी झालेलं नाही.

विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, लागायची. २००१ मध्ये आलेल्या एक्सपीने ६४ एमबी मागितली आणि १२८ ची शिफारस केली. २००७ च्या व्हिस्टाला ५१२ एमबी हवी होती आणि आकर्षक काचेरी खिडक्या हव्या असतील तर १ जीबी. मागणी वाढत होती, पण तोडगा हाताशी होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून रॅमची पट्टी आणायची, कॅबिनेट उघडायचं, स्लॉटच्या दोन्ही कड्या खट्कन बसेपर्यंत ती दाबायची, की जुना संगणक आणखी दोन-तीन वर्षं चालायचा.

अटी ठरवताना धंद्याचं गणितही असतं, हे व्हिस्टाच्याच वेळी दिसलं. 'व्हिस्टा केपेबल' असं स्टिकर लावलेल्या अनेक संगणकांवर तिची फक्त साधी आवृत्ती नीट चालायची. अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले, आणि इंटेलच्या ९१५ चिपसेटला (बोर्डावरच्या, ग्राफिक्सही सांभाळणाऱ्या चिप्सच्या संचाला) सामावून घेण्यासाठी अट सैल केल्याचं कंपनीच्या आतल्या ईमेलमधून बाहेर आलं.

त्यानंतर बराच काळ शांततेत गेला. २००९ ची विंडोज ७ आणि २०१५ ची विंडोज १०, दोन्हींची किमान रॅम एकच: ३२-बिटला १ जीबी, ६४-बिटला २ जीबी. जुन्या मशीनवर नवी विंडोज चालणारच, हे लोकांनी गृहीत धरलं ते या काळात.

२०२१ च्या विंडोज ११ ने ते मोडलं. ४ जीबी रॅम ही अडचण नव्हतीच. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप बऱ्याच मशीनमध्ये असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन चालू करावी लागते. खरी अडचण प्रोसेसरची. इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे २०१७ नंतरचाच प्रोसेसर विंडोज ११ चालेल अशा प्रोसेसरच्या यादीत आला. सातव्या पिढीचा आय-७, सोबत १६ जीबी रॅम आणि एसएसडी असली तरी तो बाहेर. लॅपटॉपचा प्रोसेसर सहसा बोर्डालाच सोल्डर केलेला असतो, तो बदलणार कसा?

कारण सुरक्षेचं दिलं गेलं, आणि ते खोटं नाही: मेमरीला हल्ल्यांपासून वाचवणारी काही संरक्षणं जुन्या प्रोसेसरवर संगणकाचा वेग बराच कमी करतात. पण मग मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २ मधला सातव्या पिढीचा प्रोसेसर नंतर यादीत आला. आधुनिक ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला हार्डवेअरशी जोडणारी सॉफ्टवेअर, हे त्याचं कारण सांगितलं गेलं. मला ते अपुरं वाटतं. तसे ड्रायव्हर इतर सातव्या पिढीच्या मशीनसाठीही करता आले असते.

मागे राहिलेल्यांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या सुरक्षा अपडेटची सोय जाहीर केली: ३० डॉलर भरून, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप ठेवून.