बॅटरीवर छापलेले दोन आकडे: ‘सायकल यूज’ आणि ‘स्टँडबाय यूज’

१२ व्होल्टच्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीवर बहुधा व्होल्टेजच्या दोन ओळी छापलेल्या असतात: ‘सायकल यूज’ १४.४ ते १५.० आणि ‘स्टँडबाय यूज’ १३.५ ते १३.८. उत्पादकानुसार त्यांत थोडा फरक पडतो. दोन्ही आकडे चार्जिंगचेच असल्यामुळे त्यांपैकी कोणताही एक कंट्रोलरमध्ये (सौर पॅनेलमधून बॅटरी भरण्यावर ताबा ठेवणाऱ्या उपकरणात) भरला की भागले, असा समज सर्रास आढळतो.

‘स्टँडबाय’ म्हणजेच फ्लोट व्होल्टेज. भरलेली बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते. ती तूट भरून काढण्यापुरतेच हे व्होल्टेज असते, म्हणून आपत्कालीन दिव्याच्या बॅटरीला ते महिनोन्‌महिने देता येते. सौर संचातील बॅटरी मात्र रोज रात्री उतरते (रोजचे हे भरणे-उतरणे म्हणजेच ‘सायकल’) आणि तिला भरायला चांगले ऊन जेमतेम पाच-सहा तास मिळते. तेवढ्या वेळात १३.६ व्होल्टवर ती पुरती भरत नाही, आणि प्लेटांवर राहिलेले लेड सल्फेट दिवसेंदिवस कठीण होत जाऊन तिची क्षमता कायमची घटते. उलट, भरलेल्या बॅटरीला १४.४ व्होल्ट सतत देत राहिले, तर आतल्या पाण्यापासून वायू, त्याचे पुन्हा पाणी होण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने तयार होतो आणि झडपेवाटे निघून जातो. हिच्यात डिस्टिल्ड वॉटर ओतण्याची सोय नसल्यामुळे गेलेले पाणी गेलेच.

म्हणून सौर संचात एकाच दिवशी दोन्ही आकडे लागतात: आधी वरचा, मग खालचा. मीटरवर १४.४ दिसताच बॅटरी भरली असे मानणे चूक आहे, कारण तेव्हा ती बरीचशी भरलेली असली तरी शेवटचा हिस्सा बाकी असतो. व्होल्टेज तेवढेच ठेवून १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत शिरणारा प्रवाह एक-दोन अँपिअरवर उतरला, की फ्लोटवर यावे. (दिवसा पंखा चालू असेल तर हा प्रवाह नेमका कळत नाही, साधे कंट्रोलर घड्याळावरच विसंबतात.)

छापलेले आकडे २५ अंश सेल्सिअसचे असतात. त्यापुढील प्रत्येक अंशाला सायकलचा आकडा सुमारे ३० आणि स्टँडबायचा सुमारे २० मिलिव्होल्टने कमी करावा लागतो, म्हणजे विदर्भातील मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत १४.४ चे १३.९५ होतात. हे काम करणारा तापमापक सेन्सर बॅटरीलाच चिकटवलेला असावा. कंट्रोलरमधील ‘इक्वलाइझ’ (अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणे) हा पर्याय पाणी घालण्याच्या बॅटरीसाठी असतो. तो इथे बंद ठेवावा.