माणसं, संवाद आणि सत्ता: आमच्या ऑनलाइन कोर्सची नवी मांडणी

हे पत्रक दोन प्रकारच्या ग्राहकांसाठी आहे. कोर्स आधी घेऊन मध्येच थांबलेल्यांनी शेवटचा 'जुन्या ग्राहकांसाठी' हा भाग आधी वाचला तरी चालेल. नव्याने घेऊ पाहणाऱ्यांनी मात्र इथूनच वाचावं, म्हणजे पैसे कशाचे भरतोय ते आधीच कळेल.

बदल थोडक्यात असा: आधी कौशल्यं आणि शेवटी सत्ता असा क्रम होता, तो उलटा केला आहे. पाठ 24 होते, आता पाच भागांत 19 आहेत.

सत्ता आधी का घेतली

'हे आत्ता जमणार नाही' हे वाक्य हाताखालच्या माणसाला सांगितलं तर तो कामाची नवी तारीख विचारतो. बरोबरीच्या सहकाऱ्याला सांगितलं तर तो थोडी घासाघीस करतो. ज्यांच्या शेऱ्यावर तुमची बढती अडली आहे त्या साहेबांना सांगितलं, तर ते काहीच बोलत नाहीत आणि मार्चमध्ये त्याचा हिशेब होतो. शब्द तेच, आवाजही तोच. तेव्हा नकार कसा द्यावा हे शिकवण्याआधी कुणाचा हात कुणाच्या दगडाखाली आहे, हे बघावं लागतं. संवादकौशल्याचे बहुतेक कोर्स समोरचा माणूस बरोबरीचा आहे असं धरून चालतात. ऑफिसात, कारखान्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये किंवा सोसायटीच्या कमिटीत तसं क्वचितच असतं.

भाग 1: कोण कुणावर अवलंबून (3 पाठ)

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड इमर्सन यांनी 1962 साली एक सरळ सूत्र मांडलं: तुमची माझ्यावर जेवढी सत्ता, तेवढं माझं तुमच्यावर अवलंबित्व. हे अवलंबित्व दोन गोष्टींवर ठरतं. तुमच्याकडची वस्तू मला किती हवी आहे, आणि ती मला दुसरीकडे मिळते का. पद आणि आवाजाची पट्टी त्यानंतर.

या सूत्रावरून पहिल्याच पाठात नकाशा काढायचा आहे. ए-फोर कागद आडवा धरा. डावीकडे पाच ते आठ माणसांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे चार रकाने आखा: मला त्याच्याकडून काय हवं, ते मला दुसरीकडे मिळेल का, त्याला माझ्याकडून काय हवं, ते त्याला दुसरीकडे मिळेल का. यासाठी सलग 40 मिनिटं राखून ठेवा. आठच्या वर नावं गेली की नकाशाची टेलिफोन डायरी होते.

इथे चुका ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे रकान्यात 'सहकार्य', 'सपोर्ट' असले शब्द लिहिणं. त्यातून पुढे काहीच निघत नाही. 'दर महिन्याच्या 25 तारखेपर्यंत बिलावर सही' इतकं नेमकं हवं. दुसरी चूक नावांऐवजी पदं लिहिण्याची. 'अकाउंट्स विभाग' कधी सही करत नाही, तिथला एक माणूस करतो. तिसरी आणि सर्वांत महागात पडणारी म्हणजे शेवटचे दोन रकाने कोरे सोडणं. साहेबांना आपल्याकडून काय हवं असणार, असं वाटतं. वरच्या बैठकीत तोंडघशी न पडण्याइतके बरोबर आकडे त्यांना हवे असतात आणि ते बहुधा तुमच्याच फाइलमध्ये असतात.

कोर्समध्ये एक उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. भोसरी-चाकण पट्ट्यातलं सुटे भाग करणारं एक छोटं वर्कशॉप. 80 टक्के माल एकाच कंपनीला जातो आणि बिलं 90 दिवस थकतात. आता 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत काहीही ठरली असली तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. तक्रारीसाठी सरकारी ऑनलाइन पोर्टल आहे. तरी मालक तक्रार करत नाही, कारण पुढची ऑर्डर त्याच दारातून यायची आहे. कायदा त्याच्या बाजूने आहे, नकाशा नाही.

इमर्सन यांनी असा तोल सावरायचे चार मार्ग सांगितले आहेत. ते या वर्कशॉपला लावून पाहू.

गरज कमी करायची: बँकेतल्या कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घ्यावी किंवा ट्रेड्स या बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर बिल देऊन पैसे आधी उचलावेत, म्हणजे त्या तारखेला त्याच पैशांवाचून अडणार नाही. मात्र ट्रेड्सवर खरेदीदाराने बिल मान्य करावं लागतं, म्हणजे पुन्हा तोच दरवाजा.

पर्याय वाढवायचे: दुसरा ग्राहक जोडून 80 चे 60 टक्के करावेत. सर्वांत भक्कम मार्ग हाच आणि सर्वांत संथही. नमुने, तपासणी, पुरवठादार म्हणून मान्यता यांत महिने जातात, त्यामुळे बिल थकल्यावर हे सुरू करून उपयोग नाही.

एकी करायची: त्याच कंपनीचे इतर पुरवठादार आणि औद्योगिक संघटना यांचं एकत्र पत्र. पत्रावर कुण्या एकाचं नाव वर दिसता कामा नये, नाहीतर त्याचीच ऑर्डर आधी जाते.

मान द्यायचा: दिवाळीचा पुडा, खरेदी अधिकाऱ्याच्या कामाची त्याच्या वरिष्ठांसमोर तारीफ. आपल्याकडे पहिल्यांदा हाच मार्ग सुचतो. बाकीच्या तिघांसोबत तो चालतो. एकट्या त्या मार्गाने फक्त ओळख टिकते, पैसे येत नाहीत.

आणि तिसरा रकाना विसरू नका. आर्थिक वर्ष 2023-24 पासून प्राप्तिकराचा नियम असा आहे की सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत, तर ते ज्या वर्षी प्रत्यक्ष देतील त्याच वर्षी खर्च म्हणून धरता येतात. म्हणजे मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात कंपनीच्या अकाउंट्सलाही तुमचं बिल निकालात काढायचं असतं. (हा नियम उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, नुसत्या व्यापाऱ्यांसाठी नाही.) उद्यम प्रमाणपत्राची (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीची) प्रत जोडून, तारीखवार थकबाकीचं नम्र पत्र त्याच सुमारास पाठवा. जुलैत पाठवलेल्या कडक पत्रापेक्षा ते जास्त काम करतं.

भाग 2: वजन येतं कुठून (4 पाठ)

फ्रेंच आणि रेव्हन या मानसशास्त्रज्ञांनी 1959 मध्ये सत्तेचे पाच आधार सांगितले: बक्षीस देण्याची ताकद, शिक्षा करण्याची ताकद, अधिकृत पद, जाणकारी आणि माणसाबद्दल वाटणारी ओढ. सहावा, माहिती, रेव्हन यांनी 1965 मध्ये जोडला. या सहांवर तुम्ही स्वतःला गुण देता आणि नकाशातल्या प्रत्येकालाही. शिक्षेच्या ताकदीवर चालणाऱ्याला सतत नजर ठेवावी लागते, त्याची पाठ फिरली की काम थांबतं. जाणकारीवर चालणाऱ्याला ती गरज नसते, पण एकदा चुकीचा सल्ला गेला की त्याचं वजन लवकर उतरतं.

पदाने खालच्या पण वजनाने भारी माणसांवर या भागात एक अख्खा पाठ आहे. फ्रान्सच्या सरकारी तंबाखू कारखान्यांचा अभ्यास करताना समाजशास्त्रज्ञ मिशेल क्रोझिए यांना दिसलं, की तिथे सगळं नियमांनी बांधलेलं होतं, अपवाद फक्त यंत्र बंद पडण्याचा. ते दुरुस्त करणं देखभाल कामगारांनाच येई, आणि यंत्रांच्या सूचना, आराखडे कारखान्यात लेखी सापडत नसत. आपल्या ऑफिसात टॅलीचा पासवर्ड एकट्यालाच माहीत असणारा क्लार्क किंवा साहेबांची डायरी सांभाळणारे पीए हेच करतात. त्यांच्याशी बोलण्याची रीत वेगळी आहे. काम अडल्यावर नव्हे, अडण्याआधी जायचं, आणि त्यांची कोंडी फोडायची धमकी कधीच द्यायची नाही. पर्यायी व्यवस्था लावायची तर ती गाजावाजा न करता, 'तुम्ही रजेवर गेलात तर' या निमित्ताने.

भाग 3: बोलणं (7 पाठ)

सर्वांत मोठा भाग हाच. विनंती, नकार, तक्रार, टीका ऐकणं, बैठक, वाटाघाट आणि संबोधन. प्रत्येक पाठात तीच गोष्ट खालच्याला, बरोबरीच्याला आणि वरच्याला कशी सांगायची याचे तीन नमुने आहेत.

विनंतीच्या पाठातला एक भाग इथे सांगण्यासारखा आहे. 'कारण' जोडलं की लोक ऐकतात, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि सहकाऱ्यांच्या 1978 च्या झेरॉक्स यंत्राजवळच्या प्रयोगावरून आला आहे. पाच पानांसाठी मध्ये घुसायची नुसती विनंती केली तर 60 टक्के लोकांनी होकार दिला. 'मला झेरॉक्स काढायच्यात म्हणून' असं पोकळ कारण जोडलं तर 93 टक्क्यांनी, खरं कारण दिलं तर 94 टक्क्यांनी. सल्ला देणारे इथेच थांबतात. वीस पानांच्या विनंतीला नुसतं विचारलं काय किंवा पोकळ कारण दिलं काय, होकार 24 टक्केच राहिला. 'मी घाईत आहे' या खऱ्या कारणाने तो 42 झाला. छोट्या कामाला काहीही चालतं. मोठ्या कामाला खरं कारणच लागतं, आणि तेही अर्ध्याहून कमी वेळा पुरतं. पगारवाढ हे वीस पानांचं काम आहे.

बैठकीच्या पाठात व्हिडिओ कॉल वेगळा काढला आहे. दहा भाषांच्या 2009 च्या तुलनेत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं सरासरी अंतर साधारण 0.2 सेकंद निघालं. इंटरनेटचा विलंब सहज तेवढा असतो. म्हणून कॉलवर दोघं एकदम बोलू लागतात आणि त्यात थांबतो तो बहुधा खालच्या पदाचा. उपाय: बैठक चालवणाऱ्याला आधीच निरोप द्या की 'तिसऱ्या मुद्द्यावर मला दोन मिनिटं हवीत', मग तो तुमचं नाव पुकारतो आणि मध्ये घुसावं लागत नाही.

संबोधनाबद्दल एकच नियम पाठ करून ठेवा: अहो-जाहोवरून एकेरीवर यायचं निमंत्रण वरच्याने द्यायचं असतं. साहेब वयाने लहान असले तरी.

भाग 4: ओळखी (2 पाठ)

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये दाखवलं की नवी माहिती जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखींतून जास्त येते. लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून जास्त लोकांच्या प्रयोगांतून 2022 मध्ये त्यात दुरुस्ती झाली: नोकरी बदलायला मध्यम कच्च्या ओळखी सर्वांत उपयोगी पडतात, अगदीच तोंडओळखीच्या नव्हेत. त्यानुसार या भागातला गृहपाठ बदलला आहे.

भाग 5: सराव (3 पाठ)

जुन्या आवृत्तीत पाठ संपला की लगेच चाचणी होती. आता ती दोन दिवसांनी आणि पुन्हा सात दिवसांनी उघडते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा मजकूर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर विचारलं तेव्हा स्वतः आठवून लिहिणारे पुढे गेले. चाचणी आधी उघडून द्यावी अशी मागणी होते. ती मान्य होणार नाही.

काय काढलं

'दोन मिनिटं हात कमरेवर ठेवून उभं राहा' हा पाठ काढला आहे. असं उभं राहिल्याने संप्रेरकं आणि वागणं बदलतं, असं सांगणारा 2010 चा मूळ प्रयोग 42 जणांवरचा होता. 2015 मध्ये 200 जणांवर तो पुन्हा केला तेव्हा संप्रेरकांत किंवा वागण्यात फरक दिसला नाही, फक्त 'ताकद वाटते' असं लोक म्हणाले. मूळ संशोधक डेना कार्नी यांनीही 2016 मध्ये त्या परिणामावर आता विश्वास नाही, असं जाहीर केलं. तसंच 'संवादात शब्द फक्त 7 टक्के' हा तक्ताही गेला. मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांचे 1967 चे ते आकडे भावना व्यक्त करणाऱ्या सुट्या शब्दांवरच्या प्रयोगांतले आहेत. भाषणाला किंवा मुलाखतीला ते लागू नाहीत.

'त्रासदायक वरिष्ठ' हा पाठ ठेवला आहे, पण त्याच्या सुरुवातीला आता एक फाटा आहे. त्रास लैंगिक छळाचा असेल तर पाठ तिथेच थांबतो आणि 2013 च्या कायद्याची माहिती येते: दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती, त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याची स्थानिक समिती, घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने. तिथे संवादकौशल्य सुचवणं योग्य नाही.

जुन्या ग्राहकांसाठी

वेगळे पैसे नाहीत, लॉगिन तेच. पण उघडल्यावर तुमची प्रगती कमी झालेली दिसेल, त्याने गोंधळू नका. समजा 24 पैकी 12 पाठ झाले होते, म्हणजे 50 टक्के. त्यांतले काही एकत्र झाले, काही गेले. उरलेले नव्या मांडणीत 7 भरले तर 19 पैकी 7, म्हणजे 37 टक्के. केलेलं काम गेलेलं नाही, 'माझं काम' या पानावर जुन्या नावांनी सगळं आहे.

ॲपमध्ये डाउनलोड करून ठेवलेले जुने व्हिडिओ आपोआप बदलत नाहीत. आधी ते पुसा, मग ॲप अद्ययावत करा, मग नवे उतरवा. क्रम उलटा झाला तर एकाच नावाचे दोन पाठ दिसतात आणि जुना बघितला तर प्रगतीत धरला जात नाही. जतन केलेल्या जुन्या लिंक तुम्हाला पहिल्या पानावर नेतील.

जुनं प्रमाणपत्र वैध राहील. नव्या आवृत्तीचं हवं असेल तर भाग 1 आणि भाग 5 पूर्ण करा. मधले भाग पूर्वी झाले असतील तर पुन्हा करावे लागत नाहीत. नकाशाचा कागद मात्र अपलोड करू नका. त्यावर खऱ्या माणसांची नावं असतात, आम्हाला ती नकोत. तपासणीसाठी नावांच्या जागी क, ख, ग लिहिलेली प्रत पाठवा. ऑफिसच्या प्रिंटरवर तो छापू नका, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर त्याची फाइलही ठेवू नका.