न उतरलेलं वृषण: सहा महिने थांबा, मग थांबू नका

गोव्यातल्या सिकेरीच्या समुद्रात पर्यटकांच्या होड्या ज्या डॉल्फिनच्या मागे धावतात, त्यांच्यातल्या नरांना वृषणकोश नसतो. त्यांची वृषणं पोटातच, पोहण्यासाठी सतत राबणाऱ्या स्नायूंना चिकटून असतात. एवढ्या उष्णतेत शुक्रजंतू तयार होणं कठीण. पण पाठीवरच्या आणि शेपटीच्या परांमध्ये गार झालेलं रक्त शिरांमधून थेट वृषणांकडे येतं आणि त्यांना थंड ठेवतं. माणसाला असे पर नाहीत. म्हणून आपल्याकडे वृषणंच शरीराबाहेरच्या पिशवीत येऊन राहतात. तिथलं तापमान पोटातल्यापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअसनी कमी असतं, आणि शुक्रजंतूंना तेवढाच गारवा हवा असतो.

या पिशवीपर्यंतची वाट मात्र लांबची आहे. गर्भाच्या सातव्या-आठव्या आठवड्यात वृषण तयार होतं ते वर, मूत्रपिंडाच्या शेजारी. त्याच्या खालच्या टोकापासून जांघेपर्यंत एक जाड पट्टा असतो. स्कॉटिश शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी १७६२ साली त्याचं वर्णन केलं आणि त्याला ‘गुबर्नाक्युलम’ म्हटलं. वृषणातून स्रवणाऱ्या आयएनएसएल-३ या संप्रेरकामुळे हा पट्टा फुगतो आणि घट्ट धरून ठेवतो. भरतीचं पाणी चढलं तरी खुंट्याला बांधलेली होडी दूर जात नाही. तसं बाळाचं धड लांबत गेलं तरी वृषण जांघेजवळच राहतं. साधारण पंधराव्या आठवड्यापर्यंत हा टप्पा आटोपतो. मग मोठा खंड. पुढचा टप्पा, म्हणजे जांघेतल्या नळीतून पिशवीत उतरणं, २५ ते ३५ आठवड्यांच्या दरम्यान टेस्टोस्टेरॉन या पुरुष संप्रेरकाच्या प्रभावाखाली होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ही तक्रार इतकी जास्त का, ते यावरून कळतं. त्यांचा जन्म प्रवास पुरा होण्याआधीच होतो.

पूर्ण दिवसांच्या १०० मुलग्यांत २ ते ४ जणांचं किमान एक वृषण जन्मतः खाली नसतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण ३० पर्यंत जातं. वर्षभरात एकूण प्रमाण शंभरात सुमारे १ वर येतं, कारण बरीच वृषणं आपसूक उतरतात. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मुलग्याच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन पुन्हा एकदा उसळतं, जणू छोटी पौगंडावस्थाच, आणि उरलेलं काम बहुधा तेव्हाच होतं. सहा महिन्यांनंतर ही शक्यता फार कमी उरते. (अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे सहा महिने डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या मूळ तारखेपासून मोजायचे.)

म्हणून पहिले सहा महिने थांबणं शहाणपणाचं आहे. त्यानंतरचं थांबणं महागात पडतं, आणि नेमकं तेच आपल्या घरांत होतं. ‘त्याच्या काकाचंही उशिरा उतरलं होतं’, ‘मोठा झाला की होईल’, ‘एवढ्याशा पोराला कशाला भूल द्यायची’. काळजीपोटीच बोललं जातं हे सगळं. पण आत वेळ थांबलेला नसतो. शुक्रजंतूंची मूळ पेशी पहिल्या वर्षातच पुढच्या रूपात बदलायची असते. वृषण वर अडकलेलं असेल तर हा बदल नीट होत नाही आणि पुढे या पेशींची संख्या घटत जाते. बाहेरून काहीच कळत नाही. टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी उष्णता बऱ्यापैकी सोसतात, त्यामुळे मुलाला वेळेवर मिसरूड फुटतं, आवाज बदलतो, आणि घरच्यांना वाटतं सगळं ठीकच आहे.

हे ओळखायचं कसं? सोनोग्राफीने नव्हे, हाताने. सोनोग्राफीचा कागद हाती आला की आपल्याला बरं वाटतं. पण हाताला न लागणारं वृषण तीही खात्रीने दाखवू शकत नाही, आणि लागत असेल तर तिची गरजच नसते. जाणत्या डॉक्टरांची बोटं इथे यंत्रापेक्षा भरवशाची. घरात मात्र हे सगळ्यांत आधी लक्षात येऊ शकतं ते बाळाला न्हाऊ घालणाऱ्या आजीच्या किंवा वयजीणीच्या (सुईणीच्या). कोमट पाण्यात वृषण वर ओढणारा स्नायू सैल पडतो, त्यामुळे पाहायची वेळ तीच. गार हातांनी किंवा घाबरलेल्या मुलाला तपासलं की तोच स्नायू आकसतो आणि खाली असलेली गोळी वर पळते. दोन ते सात वर्षांच्या मुलांत हे नेहमीचं. गोळी पिशवीत आणता येते आणि थोडा वेळ तिथे राहते, तर ऑपरेशन लागत नाही. फक्त दर वर्षी तपासायचं. दर वर्षी का? तर पूर्वी उतरलेलं वृषणही काही मुलांत वाढत्या वयात वर सरकतं.

नवजात बाळाची दोन्ही वृषणं हाताला लागत नसतील तर सहा महिन्यांचा नियम विसरायचा. क्वचित असं बाळ प्रत्यक्षात मुलगी असते. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात बिघाडामुळे तिचे बाह्य अवयव मुलग्यासारखे दिसतात, आणि या बिघाडात शरीरातलं मीठ घटून पहिल्या काही आठवड्यांतच जीव धोक्यात येऊ शकतो. तपासण्या प्रसूतीनंतर लगेच व्हायला हव्यात.

उपचार म्हणजे शस्त्रक्रिया, ऑर्किडोपेक्सी. वय ६ ते १८ महिने. संप्रेरकांच्या इंजेक्शनांचा भरवसा नाही, हल्ली ती सहसा सुचवली जात नाहीत. जांघेत लहानसा छेद घेऊन वृषण आणि त्याच्या रक्तवाहिन्या मोकळ्या करतात, सोबत येणारी हर्नियाची पिशवी बांधून टाकतात, आणि वृषणकोशाच्या कातडीखाली कप्पा करून त्यात वृषण बसवतात. बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी जातात. वृषण हाताला लागतच नसेल तर दुर्बीण घालून पोटात पाहावं लागतं. कधी ते तिथे असतं. कधी गर्भातच पीळ पडून सुकून गेलेलं असतं. रक्तवाहिन्या फार आखूड असतील तर फाउलर-स्टीफन्स पद्धतीने काम दोन टप्प्यांत, मध्ये सुमारे सहा महिने ठेवून करतात. पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठल्याही आरोग्य केंद्रातले डॉक्टर चिठ्ठी देऊ शकतात; बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) बालशल्यचिकित्सा विभाग आहे.

एका बाजूची तक्रार असलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण पुढे बाप होतात. दोन्ही बाजूंची असेल तर प्रमाण बरंच खाली येतं. कर्करोगाचा धोका मात्र शस्त्रक्रियेने पूर्ण जात नाही. सुमारे १७,००० पुरुषांच्या स्वीडिश अभ्यासात, जो २००७ साली प्रसिद्ध झाला, वयाच्या तेराव्या वर्षाआधी शस्त्रक्रिया झालेल्यांत हा धोका इतरांच्या सव्वादोन पट आढळला, त्यानंतर झालेल्यांत पाच पटींहून अधिक. मूळ रोग विरळ असल्याने हे आकडे पाहून घाबरायचं कारण नाही. पण वृषण खाली आणल्याचा एक फायदा असा, की गाठ आली तर ती हाताला लागते. लहानपणी हे ऑपरेशन झालेल्या तरुणाने महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी दोन्ही बाजू चाचपून पाहाव्यात. न दुखणारी कडक गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवायची. वेळेत सापडलेला हा कर्करोग बहुतेकदा पूर्ण बरा होतो.

ज्यांचं ऑपरेशन झालेलंच नाही, त्यांच्यासाठी वेगळी खूण. एका बाजूची पिशवी रिकामी असलेल्या मुलाच्या जांघेत किंवा पोटात अचानक जोराची कळ आली, उलट्या झाल्या, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. ते वाचवायला हाताशी सुमारे सहा तास असतात, त्यामुळे रात्र असली तरी १०८ ला फोन करून निघायचं.