वळणाऱ्या ट्रकची मागची चाकं कुठून जातात?

मालट्रक किंवा बस वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. ट्रक आणि फुटपाथ यांच्यामधली जी जागा सायकलला पुरेशी वाटते, ती वळताना ट्रकला लागणारच असते.

किती लागते, हे पायथागोरसच्या प्रमेयाने काढता येतं. बसच्या पुढच्या आणि मागच्या आसांत ६ मीटर अंतर आहे आणि पुढच्या आसाचा मध्य १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो आहे, असं धरा. मागच्या आसाची त्रिज्या म्हणजे १०० वजा ३६ याचं वर्गमूळ, म्हणजे ८ मीटर. चाकं २ मीटर आत आली! ट्रेलर असेल तर फरक आणखी वाढतो. ओढणाऱ्या गाडीच्या आसांत साडेतीन मीटर, जोडणीपासून ट्रेलरच्या चाकांपर्यंत ८ मीटर आणि वळणाची त्रिज्या १२ मीटर धरली, तर उत्तर पावणेचार मीटरच्या आसपास येतं. चौकातलं वळण पाव वर्तुळातच संपतं, त्यामुळे प्रत्यक्षात चाकं याहून थोडी कमी आत येतात. तरी सायकलसाठी काही उरत नाही.

चालकाला हे ठाऊक असतं. मागची चाकं फुटपाथवर चढू नयेत म्हणून तो आधी सरळ पुढे जातो, कधी उलट बाजूला थोडा सरकतो, आणि मग एकदम स्टिअरिंग फिरवतो. डावीकडून वाहतूक चालते तिथे डावीकडे वळणारा ट्रक म्हणूनच आधी उजवीकडे गेलेला दिसतो आणि डावीकडे रुंद, मोकळी वाट तयार होते. (वाहतूक उजवीकडून असेल तर इथून पुढे डावं-उजवं उलटं वाचा.) त्या वाटेत शिरू नका. सिग्नल हिरवा झाल्यावर पहिले काही मीटर सायकल ट्रकपेक्षा चपळ असते. त्यामुळे ट्रक वळायला लागतो नेमक्या त्याच क्षणी ती त्याच्या मधोमध येते. बाजूने जाताना मागचा इंडिकेटरही दिसत नाही.

आणि चालकाला तुम्ही दिसता का? आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुमचा दिसत नाही, कारण प्रकाश त्याच वाटेने दोन्हीकडे जातो. पण चेहरा दिसला म्हणजे त्याने पाहिलंच, असं मात्र नाही. त्याला अनेक आरसे, समोरचा रस्ता आणि पादचारी, सगळं पाळीपाळीने पाहायचं असतं. ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला ४ मीटरहून जास्त जाते. तो तीन सेकंद दुसरीकडे पाहत असेल, तेवढ्यात तुम्ही १२ मीटर पुढे आलेले असता. ट्रेलर वळू लागला की डावा आरसा ट्रेलरच्याच भिंतीने भरून जातो. केबिनच्या अगदी पुढ्यातही आंधळी जागा असते. लंडनमध्ये १२ टनांहून जड मालवाहनांना केबिनमधून थेट किती दिसतं यावर तारे देतात, ते यासाठीच. तारे कमी पडले तर जादा सुरक्षा साधनं बसवावी लागतात.

म्हणून चौकाजवळ थांबलेल्या किंवा रेंगाळणाऱ्या मोठ्या वाहनाच्या डावीकडून पुढे जाऊ नका, सायकलसाठी पट्टा आखलेला असला तरी. रंगाची रेघ चाकं अडवत नाही. मागेच थांबा: ४-५ मीटर सोडून, लेनच्या मध्यावर, म्हणजे मागून येणारा कुणी शेजारी घुसणार नाही. आधीच पुढे उभे असाल तर केबिनपासून निदान ३ मीटर अंतर ठेवा आणि मागे वळून चालकाशी नजर मिळवा.

ट्रक मागून येऊन तुमच्या शेजारी आला आणि चौक जवळ असेल, तर शर्यत लावू नका. पॅडल थांबवा, त्याला पूर्ण पुढे जाऊ द्या. ताशी १५ किलोमीटरवरून थांबायला, प्रतिक्रियेचा एक सेकंद धरून, कोरड्या रस्त्यावर सुमारे ७ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर जास्त, म्हणून ब्रेक लवकर. अंतर मिटतच चाललं असेल तर सायकल टाकून फुटपाथवर चढा. ट्रकला हाताने धरू किंवा ढकलू नका. वळताना त्याचा वेग कमी असतो, पण इजा करतं ते चाकावरचं वजन.

बाहेरची बाजूही पूर्ण मोकळी नसते. मागच्या आसापलीकडे बसचा ३ मीटर भाग असेल, तर वरच्याच वळणात तिचा उजवा मागचा कोपरा जवळपास अर्धा मीटर बाहेर झुलतो. डावीकडे वळणाऱ्या बसच्या उजवीकडून जाताना दीड मीटर अंतर सोडा, किंवा तिचं शेपूट वळून जाईपर्यंत मागेच राहा.