हळदीचा डाग साबणाने लाल का होतो?

पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली की पिवळा डाग पडतो, आणि साबण लावताच तो लाल होतो. आपल्या घरांतल्या बहुतेक मुलांनी हे पाहिलेलं असतं. एनसीईआरटीच्या सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात याचाच प्रयोग होता: कागदाला हळदीचा लेप लावा, वाळवा, साबणाच्या पाण्याने चित्र काढा आणि आईला वाढदिवसाचं शुभेच्छापत्र द्या. फार सुंदर पाठ. पण ‘हळद हा नैसर्गिक दर्शक आहे’ (दर्शक म्हणजे आम्ल की आम्लारी ते रंग बदलून सांगणारा पदार्थ) एवढं पाठ करून मुलं पुढे सरकतात आणि त्यामागची दोनशे वर्षांची गोष्ट राहून जाते.

रंग बदलतं ते कर्क्युमिन, हळदीतलं पिवळं रंगद्रव्य. 1815 साली फोगेल आणि पेलेतिए या रसायनशास्त्रज्ञांनी ते हळदीतून वेगळं काढलं. याच पेलेतिएने पुढे आपला सहकारी कावांतूसोबत पानांतल्या हिरव्या द्रव्याला क्लोरोफिल हे नाव दिलं आणि 1820 साली सिंकोना झाडाच्या सालीतून हिवतापावरचं क्विनीन मिळवलं. वनस्पतीचा गुण तिच्यातल्या ठरावीक द्रव्यात असतो आणि ते द्रव्य वेगळं काढता येतं, हा विचार त्या काळात पक्का होत होता. कर्क्युमिनच्या रेणूची रचना मात्र 1910 साली उलगडली, म्हणजे तब्बल 95 वर्षांनी. साबणासारख्या आम्लारीत (आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात) या रेणूतला हायड्रोजनचा आयन निघून जातो, रेणू वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषू लागतो आणि आपल्याला लाल दिसतं. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं.

मग कुंकू? पारंपरिक कुंकवात हळकुंडं लिंबाचा रस आणि टाकणखारात (बोरॅक्स) भिजवतात. लिंबू तर आम्ल, तरी रंग लाल! टाकणखारात बोरॉन हे मूलद्रव्य असतं आणि ते कर्क्युमिनशी जोडलं जाऊन लाल संयुग होतं. बोरॉन ओळखायला रसायनशास्त्रात हळदीचा कागद वापरत आले आहेत ते यामुळेच. हा प्रश्न वर्गात विचारावा आणि उत्तर लगेच देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

1995 साली हळदीने जखम भरण्याच्या उपयोगावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा तिचे महासंचालक होते. पुराव्यांत संस्कृत ग्रंथांतले उल्लेख होते, तसा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला 1953 सालचा लेखही होता. 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. मुलांना ही गोष्ट अभिमानाने सांगतात, आणि सांगायलाच हवी. मात्र तिथे सिद्ध झालं ते इतकंच, की हा उपयोग नवा नव्हता. हळद किती गुणकारी, हा प्रश्न वेगळा. 2017 साली औषधी रसायनशास्त्राच्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं, की कर्क्युमिन शरीरात नीट शोषलं जात नाही, लवकर विघटित होतं आणि काही प्राथमिक चाचण्यांत फसवे निकाल देतं. सातवी-आठवीच्या मुलांना हे दोन्ही कळतं. मोठी माणसंच एक अर्धं सांगून थांबतात.

शिवाय हळदीत कर्क्युमिन असतं साधारण 2 ते 5 टक्केच. पिवळेपणाला भाव मिळतो म्हणून काही व्यापारी मेटॅनिल यलो हा खाण्यास बंदी असलेला रंग मिसळतात. शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, हळदीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले आणि पाणी गुलाबी-जांभळं झालं, तर हा रंग असल्याचा संशय घ्यावा. मुलांनी पुडी घरूनच आणावी.