सब्जाचा ग्लास आणि मेंदूच्या सुरकुत्या

एप्रिलच्या उन्हात सांगलीच्या मारुती चौकात सरबत घेतलं की ग्लासात सब्जा आलाच. काळं बी, भोवती बुळबुळीत पारदर्शक आवरण. परवा असाच ग्लास हातात असताना शेजारच्या मेडिकलच्या काचेवर जाहिरात दिसली: हायलुरॉनिक आम्लाची क्रीम, सुरकुत्या घालवणारी. मला हसूच आलं. आईच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूला सुरकुत्या पडायला हाच पदार्थ लागतो!

मेंदू म्हणजे पेशीच पेशी, असं आपण शाळेत शिकलो. पण प्रौढ मेंदूचा साधारण पाचवा हिस्सा पेशींच्या मधली जागा असते. तिथं पाणी असतं आणि पेशींनीच स्रवलेल्या प्रथिनांचं, शर्करेच्या साखळ्यांचं जाळं. माणसाच्या गर्भात चेतापेशींना जन्म देणाऱ्या मूळपेशी हे जाळं स्वतःभोवती विणत राहतात आणि विभाजत राहतात. उंदरात बाहेरच्या थरातल्या मूळपेशींचं हे विणकाम फारच कमी.

आता आपला सब्जा. त्याच्या सालीतल्या लांब शर्करा-साखळ्या पाणी धरून फुगतात. मेंदूतल्या त्या जाळ्यातलं हायलुरॉनिक आम्लही तसंच. दोन शर्करांची जोडी हजारो वेळा जोडलेली, प्रत्येक जोडीवर एक ऋण प्रभार. तो सोडियमचे आयन ओढतो, आयनांमागून पाणी येतं. 1934 साली कार्ल मायर यांना हे आम्ल गाईच्या डोळ्यातल्या जेलीत सापडलं.

2018 मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेत मानवी गर्भाच्या मेंदूचे तुकडे बशीत वाढवले होते. त्यात हॅपलन-1, लुमिकन आणि कोलॅजेन-1 ही त्या जाळ्यातली तीन प्रथिनं एकत्र घातली. हायलुरॉनिक आम्ल वाढलं, ऊतीचा ताठपणा जागोजागी बदलला आणि गुळगुळीत पृष्ठभागाला घड्या पडल्या. मग ते आम्ल तोडणारं विकर (एन्झाइम) सोडलं, तर घड्या उलगडल्या! (ओठ फुगवायला भरलेलं याच आम्लाचं फिलर बिघडलं तर डॉक्टर हेच विकर टोचतात.)

सगळं श्रेय या जेलीला देता येणार नाही. बाहेरचा थर आतल्यापेक्षा झपाट्यानं वाढतो, त्यानंही चुण्या पडतात. आणि मार्मोसेट हे छोटं माकड आपल्यासारखंच प्रायमेट, म्हणजे माकड-माणसांच्या गटातलं, पण त्याचा मेंदू जवळजवळ गुळगुळीतच; म्हणजे प्रायमेट असलं की घड्या पडतातच असं नाही.

हे वाचून कुणी गर्भवतीला ती क्रीम किंवा 'मेंदूवर्धक' गर्भसंस्कार किट विकायला आलाच, तर त्याला दारातूनच परत पाठवा. ही जेली बाळाच्या पेशी तिथल्या तिथं बनवतात. मंत्राच्या सीडीनं किंवा चमचाभर पावडरीनं तिचं पातेलं भरत नाही. सब्जा मात्र खुशाल घ्या, उन्हाळा आहे.