ड्रायव्हर नाही की फर्मवेअर नाही? ओपनबीएसडीवर न दिसणारं वाय-फाय

लॅपटॉपवर ओपनबीएसडी ही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि वाय-फाय चाललं नाही, की बहुतेक जण 'ड्रायव्हर नाही' म्हणून मोकळे होतात. पुष्कळदा ड्रायव्हर जागेवर असतो, फर्मवेअर नसतं. लक्षण एकच दिसतं, पण फर्मवेअरचा इलाज काही मिनिटांचा आहे. ड्रायव्हर नसेल तर बहुधा दुसरं कार्डच शोधावं लागतं. म्हणून आधी निदान करा.

ड्रायव्हर हा कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा भाग. तो तुमच्या प्रोसेसरवर चालतो आणि त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमचे लोक तो लिहितात. एकाच इंटेल कार्डाला लिनक्समध्ये आयडब्ल्यूएलवायफाय नावाचा ड्रायव्हर लागतो, ओपनबीएसडीत आयडब्ल्यूएम किंवा आयडब्ल्यूएक्स. फर्मवेअर चालतं ते कार्डावरच्या चिपमध्ये. ते कंपनीकडून तयार बायनरी म्हणून येतं, आणि अशा कार्डांत ड्रायव्हर ते दर वेळी नव्यानं भरतो. परवान्याच्या अटींमुळे ओपनबीएसडी अशा फायली मूळ सिस्टिममध्ये न देता वेगळ्या ठेवते. गोंधळाचं मूळ इथे आहे.

आता डीमेसेज (dmesg) ही कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड चालवा. कार्डाच्या नावापुढे 'नॉट कन्फिगर्ड' दिसलं, तर त्या कार्डाला ड्रायव्हर मिळालेला नाही. याउलट 'आयडब्ल्यूएम०: कुड नॉट रीड फर्मवेअर' आणि शेवटी 'एरर २' असेल, तर ड्रायव्हरनं कार्ड ओळखलंय, फक्त त्याला फाइल सापडत नाही. युनिक्समध्ये २ या एररचा अर्थच 'अशी फाइल नाही' असा आहे. मग रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, होऊन एफडब्ल्यू_अपडेट (fw_update) ही फर्मवेअर उतरवणारी कमांड चालवायची.

त्यासाठी इंटरनेट लागतं, आणि वाय-फाय तर बंद. लॅनची तार असेल तर उत्तम. नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट संगणकाला देणं) सुरू करा, तो बहुधा यूआरएनडीआयएस० या नावानं दिसतो. तेही जमत नसेल, तर दुसऱ्या संगणकावर आपल्याच आवृत्तीची फर्मवेअर फाइल उतरवून पेनड्राइव्हवरून आणता येते.

लिनक्सवर एक फसवी जागा आहे. लॉगमध्ये 'एरर -२'च्या ओळी दिसल्या की लोक घाबरतात. पण आयडब्ल्यूएलवायफाय फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीपासून जुनीकडे उतरत शोधतो, त्यामुळे पुढे एखादी सापडली तर आधीच्या ओळी सोडून द्या. 'नो सूटेबल फर्मवेअर फाउंड' ही ओळ मात्र खरी. अशा वेळी ड्रायव्हर कार्ड सोडून देतो, म्हणून कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवणाऱ्या एलएसपीसीआय -के (lspci -k) या कमांडमध्ये वापरात ड्रायव्हर दिसत नाही आणि दोष उगाच ड्रायव्हरवर जातो.

खरंच 'नॉट कन्फिगर्ड' असेल, तर फर्मवेअरच्या फायली कितीही उतरवल्या तरी उपयोग नाही. ओपनबीएसडीच्या ताज्या स्नॅपशॉटमध्ये (विकासाधीन आवृत्तीत) ड्रायव्हर आलाय का ते बघा. नसेल तर यूएसबी अडॅप्टर घ्या, मात्र खोक्यावरच्या ब्रँडवर जाऊ नका. आतली चिप कोणती ते विचारा आणि ड्रायव्हरच्या मॅन पानातल्या (सिस्टिमच्या माहितीपुस्तिकेतल्या) यादीत ती आहे का ते ताडून मगच पैसे द्या.